सोन्याचा मुलामा असलेल्या टेस्ट कनेक्टरला वंगण लावावं का?

हार्नेसवाली_भोसरी

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं वायर हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुड्या, टेस्टिंगचं छोटं युनिट आहे. आम्ही सहा जणी आणि दोन टेस्ट बोर्ड. तयार हार्नेस आमच्याकडे येतात. प्रत्येक तार जिथं जायला हवी तिथंच जाते का, कुठं शॉर्ट नाही ना, हे बघून आम्ही शिक्का मारतो आणि माल परत पाठवतो.

माझी अडचण एका १२ पिनांच्या कनेक्टरची आहे. हार्नेस ब्रेकच्या सेन्सरचा आहे, म्हणून त्याच्या टर्मिनलांना सोन्याचा मुलामा असतो. जिगवर, म्हणजे टेस्ट बोर्डवरच्या बैठकीवर, त्याच्या जोडीचा कनेक्टर बसवलाय, त्याच्याही पिना सोन्याच्याच. दिवसाला साधारण २८० हार्नेस होतात, म्हणजे जिगवरचा कनेक्टर तितक्या वेळा घातला-काढला जातो. नवा लावला की आठ-दहा दिवस काही तक्रार नसते. मग ६ नंबर आणि १२ नंबरची पिन मधूनच 'ओपन', म्हणजे जोड तुटल्याचा लाल दिवा, दाखवायला लागते. मुली कनेक्टर जरा हलवतात, दिवा हिरवा होतो, हार्नेस पास होतो.

मला हे रात्री झोपू देत नाही. हलवल्यावर लागलेला हिरवा दिवा खरा मानायचा की आधीचा लाल? हार्नेस ब्रेकचा आहे, कुणाच्या तरी घरच्या गाडीत बसणार आहे.

जूनपासून हे जास्तच झालंय. खोडरबरानं पिना घासून पाहिल्या. दोन दिवस बरं वाटलं, नंतर आधीपेक्षा वाईट. गंज सोडवायचा स्प्रे मारला, काही फरक नाही. शेजारच्या गाळ्यातले दादा म्हणतात, व्हॅसलीनचं बोट फिरवा. कनेक्टर पुरवणारे म्हणतात, सोन्याला काहीही लावायचं नसतं, तेल म्हणजे इन्सुलेटर, करंटच अडेल. मल्टिमीटरवर कधी ०.२ ओहम येतात, कधी ०.४, त्यातून मला काही कळत नाही.

सोनं गंजत नाही, तर मग हे बिघडतं कशानं? आणि वंगण लावायचं की नाही?

शनिवारपेठ_रिपेअर

ताई, खोडरबराची युक्ती आम्ही लॅपटॉपच्या रॅमला वापरतो आणि ती चालते, पण तिथं तीन-चार वर्षांतून एकदा हात फिरवायचा असतो. तुमच्याकडे रोजची घासाघीस, तिथं नको. आधी स्वच्छ करून बघा. तपकीर गल्लीत ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. न तुटणाऱ्या धाग्याची कापडी काडी घ्या, कानातला कापूस नको, तंतू आत राहतात. वंगणाचं मला ठाम सांगता येणार नाही, इथं एक प्लेटिंगवाले, म्हणजे मुलामा देण्याच्या कामातले, काका येतात, ते सांगतील.

जुना_प्लेटर

ताई, मी कनेक्टरच्या कारखान्यात प्लेटिंग विभागात ३१ वर्षं काढली. आता कर्वेनगरला घरीच असतो. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण तुम्ही जो हिरव्या-लाल दिव्याचा विचार करताय तो फार कमी लोक करतात. जरा लांब लिहितो.

सोनं गंजत नाही हे खरं आहे, आणि तुमच्या दुखण्याचं मूळ त्यातच आहे. लोखंड, ॲल्युमिनियम, कथील या सगळ्या धातूंवर हवेत ऑक्साईडचा पापुद्रा धरतो. दोन तुकडे एकमेकांवर घासले की मध्ये तो पापुद्रा असतो. सोन्यावर तसं काहीच नसतं. स्वच्छ सोन्यावर स्वच्छ सोनं दाबलं की उष्णतेशिवाय, सोनाराचा डाग (सोल्डर) न देता ते जागच्या जागी चिकटतं. पिन सॉकेटमध्ये सरकते तेव्हा उंचवट्यांच्या टोकांवर हेच होतं: चिकटतं, आणि पुढे सरकताना तुटतं. तुटताना एकीकडचा कण दुसरीकडे जातो. तो कण पुन्हा दाबला जाऊन कठीण होतो, त्याच्यापुढे आणखी सोनं गोळा होतं आणि गलबताच्या पुढच्या टोकासारखा एक उंचवटा तयार होतो. मग तोच उंचवटा समोरचा मुलामा नांगरत जातो. बेल लॅबोरेटरीजच्या मॉर्टन अँटलर यांनी सोन्याच्या मुलाम्याच्या झिजेवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांनी हे नीट उलगडून दाखवलंय.

माझ्या आईच्या हातात पाटल्यांना लागून बिलवर असायचे. ती गेल्यावर मी ते सोन्या मारुती चौकात तोलून घेतले, तर लग्नाच्या चिठ्ठीतल्या वजनापेक्षा कमी भरले. मी तेव्हा नोकरीत होतो, रोज सोन्याची झीज मोजत होतो, तरी घरातल्या पाटलीकडे कधी त्या नजरेनं बघितलं नव्हतं. सोन्याला सोनं लागून गेलं होतं, इतकंच.

बावनकशी सोनं तर फारच मऊ. म्हणून कनेक्टरसाठी मुलाम्यात अगदी किंचित कोबाल्ट किंवा निकेल घालतात, टक्क्याचा काही दशांश भागच. एवढ्यानं कठीणपणा साधारण दुप्पट होतो. आमच्याकडे त्याला हार्ड गोल्ड म्हणत. पण जाडी बघा. चांगल्या कनेक्टरवर ०.७६ मायक्रॉन सोनं असतं, म्हणजे केसाच्या जाडीचा जवळजवळ नव्वदावा भाग. स्वस्त मालावर ०.१ मायक्रॉनचा नुसता फ्लॅश असतो, तो तर रंग दिल्यासारखाच.

आणि गाडीतला कनेक्टर मुळात घालायचा किती वेळा? एकदा कारखान्यात, नंतर चार-दोन वेळा गॅरेजमध्ये. हे कनेक्टर सहसा दहा-वीस वेळा घालण्या-काढण्याच्या हिशोबानं तपासलेले असतात. तुमच्या जिगवर तेवढं पहिल्या तासाभरातच होतं. तरी तो आठ दिवस टिकतो, हे त्या मुलाम्याचंच देणं आहे. तुमच्या पुरवठादाराला दोष देण्याआधी हा आकडा लक्षात घ्या.

आता तेल. तेल इन्सुलेटर आहे हे बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे. दोन पिना डोळ्याला पूर्ण टेकलेल्या दिसतात, प्रत्यक्षात त्या मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. स्प्रिंगचा दाब १०० ग्रॅम धरला तर खऱ्या स्पर्शाचं सगळं क्षेत्रफळ मिळून एका चौरस मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतं. एवढ्याशा ठिकाणी १०० ग्रॅम म्हणजे चौरस सेंटीमीटरला दहा हजार किलोच्या वरचा दाब. तिथं पातळ तेल टिकत नाही, बाजूला ढकललं जातं आणि धातूला धातू भिडतो. करंट तिथूनच जातो. तेलाचे जे थोडे रेणू पृष्ठभागाला धरून राहतात ते चिकटण्याची जागा कमी करतात, त्यामुळे तुटणारे कण कमी. योग्य वंगणाच्या पातळ थरानं रोध वाढलेला मी कधी मोजला नाही. आयुष्य कित्येक पटींनी वाढलेलं मात्र खूपदा पाहिलंय.

योग्य हा शब्द महत्त्वाचा. सोन्याच्या संपर्कासाठी जुन्यापासून नावाजलेलं वंगण म्हणजे पॉलिफिनाइल ईथर, पाच किंवा सहा बेंझिन कड्यांची साखळी असलेलं. ते उडून जात नाही, पसरत नाही, लावलं तिथं बसून राहतं. दुसरं परफ्लुओरोपॉलिईथर. तेही उडत नाही, बहुतेक प्लास्टिकला आणि रबराला निरुपद्रवी असतं, फक्त विरघळायला त्याला फ्लोरिनवालंच द्रावक लागतं. दोन्ही महाग आहेत, पण लागतं थेंबभर. द्रावकात एखादा टक्का मिसळायचं, पिनेवर ब्रशनं फिरवायचं, द्रावक उडून जाऊ द्यायचं. मागे जे राहतं ते डोळ्याला दिसत नाही, दिसलं तर जास्त झालं. व्हॅसलीनची कल्पना अगदीच वेडी नाही, त्या जातीची वंगणं जुन्या काळात वापरली गेली आहेत. पण बोटानं फासलेला जाड थर भोसरीची धूळ धरून ठेवेल आणि मग ती धूळच पॉलिश पेपरचं काम करेल. सिलिकॉन तेल मात्र जिगच्या आसपासही येऊ देऊ नका. ते सगळीकडे पसरतं, आणि शेजारच्या रिलेत ठिणगी पडते तिथं त्याची वाळूसारखी भुकटी होते, ती करंट अडवते. शिवाय गाडीच्या कनेक्टरची सीलं बहुधा सिलिकॉन रबराची असतात, ती फुगतात.

खोडरबराचं सांगायचं तर, रबरात घासण्यासाठी बारीक भुकटी असते. दोन दिवस बरं वाटलं कारण वरचा मळ गेला. नंतर वाईट झालं कारण मळाबरोबर सोनंही गेलं.

मला दोन गोष्टी सांगा. एक, भिंगातून ६ आणि १२ नंबरच्या पिना कशा दिसतात? दुसरं, त्या दोन्ही एकाच टोकाला आहेत ना? वरच्या रांगेत १ ते ६ आणि खाली ७ ते १२ असेल, तर ६ आणि १२ एकाखाली एक येतात. तसं असेल तर तुमचा कनेक्टर तिरका बाहेर निघतोय.

हार्नेसवाली_भोसरी

काका, तुम्ही जिग न बघता ओळखलंत. रांगा अगदी तशाच आहेत. आज दुपारी उभं राहून बघितलं. हार्नेसची जाड जुडी बोर्डच्या डाव्या बाजूला ओढली जाते, त्यामुळे काढताना मुली डावं टोक आधी उचकटतात आणि कनेक्टर उजव्या टोकावर बिजागरीसारखा फिरून निघतो. उजव्या टोकाला ६ आणि १२. दोन वर्षं रोज बघतेय, कधी लक्षात आलं नव्हतं.

चिंचवडच्या मामांकडून घड्याळ दुरुस्तीचं भिंग आणलं. बाकीच्या पिनांवर मधोमध एक चकचकीत पिवळी रेघ आहे. ६ आणि १२ वर मात्र ती रेघ करडी झालीय, कडेला पिवळ्या रंगाची ढिगासारखी कड आलीय, आणि रेघेच्या शेवटी तपकिरी-काळे ठिपके आहेत. सॉकेटच्या तोंडाशी रबराचा भुगासुद्धा दिसला, लाज वाटली.

आणखी एक. खर्च वाचवायला एकानं सुचवलंय की जिगवर कथलाचा मुलामा असलेली टर्मिनलं लावा, तीच साईज मिळते. लावू का?

चाकण_सेटअप

कथील अजिबात नको. मी चाकणला टेस्ट फिक्श्चरच बनवतो आणि यात एकदा पोळलोय. सोन्यावर कथील घासलं की मऊ कथील सोन्याला चिकटून जातं. म्हणजे दिवसाला ग्राहकाच्या २८० हार्नेसच्या सोन्याच्या टर्मिनलांवर तुम्ही कथलाचा हात फिरवणार. ते कथील नंतर हवेत ऑक्साईड धरतं. गाडी चालताना दहा-वीस मायक्रॉनची थरथर असतेच, इंजिनाच्या उष्णतेनं प्रसरण-आकुंचन असतं, त्या हालचालीत कथलाचा ऑक्साईड कुटला जाऊन काळी भुकटी होते आणि संपर्क तुटत जातो. याला फ्रेटिंग म्हणतात. सेन्सरचा सिग्नल लहान, त्याच्यात तो थर फोडायची ताकद नसते. सेन्सरला सोनं दिलंय ते याचसाठी, आणि जोडी नेहमी एकाच मुलाम्याची ठेवायची असते.

खरा इलाज विचाराल तर जोडीचा कनेक्टर जिगवर ठेवूच नका. स्प्रिंगच्या प्रोब पिना लावा, त्या टर्मिनलच्या टोकाला समोरून टेकतात, आत घासत जात नाहीत. चांगल्या प्रोब लाखो वेळा चालतात आणि एक खराब झाली तर तेवढी एकच बदलता येते. ब्लॉक बनवायला सुरुवातीला पैसे जातात, खरं आहे. तोवर निदान सध्याचा कनेक्टर तरंगता बसवा, चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर हलू द्या, म्हणजे तो स्वतःच सरळ होईल.

जुना_प्लेटर

चाकणच्या भाऊंशी पूर्ण सहमत.

ताई, करडी रेघ म्हणजे निकेल. सोन्याखाली निकेलचा थर असतो, तो खालच्या तांब्याला वर येऊ देत नाही आणि पातळ सोन्याला टेकू देतो. तुमच्या पिनेवर सोनं संपलं आणि निकेल उघडं पडलं. निकेलवरचा ऑक्साईड पातळ असतो पण चिवट, त्यामुळे कधी लागतं कधी नाही. हलवलं की तो फुटतो आणि दिवा हिरवा होतो. तपकिरी-काळे ठिपके म्हणजे निकेलही फाटून तांब्याची मिश्रधातू दिसायला लागली. तिथं ऑक्साईड आणि सल्फाईड धरतं. जूनमध्ये वाढलं ते याचमुळे. हवेत ओल आली, आणि तुमच्याकडच्या नाल्यांचा वास तुम्हाला माहीतच आहे, त्यातल्या हायड्रोजन सल्फाईडला तांबं फार लवकर सापडतं.

या पिनांना आता वंगण लावू नका. लावलंत तर चार दिवस दिवा हिरवा राहील, कारण तेल हवा अडवेल आणि भुगा सैल करेल. पण तुमची फसगत होईल. हा कनेक्टर काढून टाका. नवा लावाल त्या दिवशी, पहिला हार्नेस घालण्याआधी त्यावर थर द्या. वंगण मुलामा शाबूत असतानाच काम करतं.

वंगणाचा अंश ग्राहकाच्या टर्मिनलवर जाणार हे धरून चाला. त्यामुळे त्यांच्या क्वालिटी विभागाकडून लेखी परवानगी घ्या, कोणतं वंगण ते नावासकट कळवा. तोंडी 'चालेल' घेऊ नका.

मल्टिमीटरचं ०.२ आणि ०.४ सोडून द्या, ते तुमच्या वायरीचंच माप आहे. चार तारांनी मोजणारा मिलिओहम मीटर लागतो. दोन तारांतून करंट द्यायचा, दुसऱ्या दोनांनी थेट पिनेवर व्होल्टेज मोजायचं. व्होल्टेज उघड्या टोकांना २० मिलिव्होल्टच्या आत ठेवायचं, करंट १०० मिलिअँपियरपर्यंत. व्होल्टेज जास्त दिलं तर मोजतानाच ऑक्साईडचा थर फुटतो आणि आजारी संपर्क निरोगी दिसतो. नव्या पिनेचं माप लिहून ठेवा आणि त्यावर १० मिलिओहम वाढले की बदला, लाल दिव्याची वाट बघू नका.

आणि हलवणं बंद. लाल आला की हार्नेस बाजूला, मग खात्रीचा एक मास्टर हार्नेस लावून बघायचा. मास्टरलाही लाल आला तर जिग दोषी, हिरवा आला तर माल दोषी. गेल्या पंधरवड्यात हलवून पास केलेले हार्नेस अजून हाताशी असतील तर ते पुन्हा तपासा. ही मी विनंती करतो.

हार्नेसवाली_भोसरी

महिन्यानं लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

ग्राहकाच्या क्वालिटीवाल्यांनी परफ्लुओरोपॉलिईथरला परवानगी दिली. आधी त्यांनी स्वतः सीलांवर लावून आठ दिवस ठेवून पाहिलं. शेजारच्या दादांनी लेथवर तरंगती बैठक करून दिली. हार्नेसची जुडी आता वरून हुकला टांगतो, डावीकडे ओढ येत नाही. मिलिओहम मीटर ओळखीतून महिन्याच्या बोलीवर आणलाय. नव्या कनेक्टरवर तीन आठवड्यांत पाच हजारांच्या वर हार्नेस झाले. पहिल्या दिवशी सगळ्या पिना ४ ते ५ मिलिओहम होत्या, आज १२ नंबर ७ वर आहे, बाकीच्या ५-६. भिंगातून सगळीकडे पिवळंच दिसतं. घालताना हाताला फरक कळतो, मुली म्हणतात मनगट दुखायचं थांबलं. प्रोबच्या ब्लॉकचं चाकणच्या भाऊंकडूनच कोटेशन घेतलंय, दिवाळीनंतर करीन.

काका, तुमच्या विनंतीचं सांगते. पाठवायचे राहिलेले ४३ हार्नेस होते जे हलवून पास झाले होते. सगळे नव्या कनेक्टरवर लावले. ४२ चांगले निघाले. एकाच्या १२ नंबरला खरंच लाल आला, हलवला तर हिरवा. टर्मिनल काढून पाहिलं तर क्रिम्प सैल होता, तारेचे निम्मे पदर पकडीच्या बाहेर. त्यावर आमचा शिक्का होता. तो शिक्का मारला त्या मुलीला मी काही बोलले नाही, हलवायला मीच शिकवलं होतं. आधीचे जे गेले त्यांच्या बॅच नंबरांची यादी करून ग्राहकाला कळवली. फोन करताना हात थरथरत होता, पण त्यांनी माल अडवला आणि पुन्हा तपासायला आमच्याकडेच पाठवला.

आता एकच विचारायचंय. वंगणाचा थर पुन्हा कधी द्यायचा? आणि आधीचा पुसायचा की त्यावरच द्यायचा?

जुना_प्लेटर

यादी कळवलीत, फार बरं केलंत.

पुसूनच द्या. जुन्या थरात झिजेचे कण अडकलेले असतात, त्यावरच दिलंत तर ते आत राहतील. त्याच फ्लोरिनवाल्या द्रावकानं काडी ओली करून पुसा, अल्कोहोलनं हे वंगण निघत नाही. सुरुवातीला दर सोमवारी पहिल्या हार्नेसच्या आधी करा आणि पुसलेली काडी पांढऱ्या कागदावर टेकवून बघा. डाग करडा आला तर अंतर कमी करा, स्वच्छ आला तर पंधरा दिवसांवर न्या. १२ नंबर ७ वर थांबतोय की चढतोय तेवढं मात्र रोज लिहा. चढत असेल तर बैठक अजून एका बाजूला अडतेय, दादांना ती कड अर्धा मिलिमीटर आणखी काढायला सांगा.